मक्याचा पाक आणि दोन रुपयांची पुडी

दर पाच-सात वर्षांनी आपल्या स्वयंपाकघरात एक नवा राक्षस शिरतो. कधी तो तुपाच्या बुधलीत सापडतो, कधी खोबरेल तेलात, कधी अंड्याच्या पिवळ्या बलकात. काही दिवस सारे घर काठ्या घेऊन त्याच्या मागे धावते, मग कंटाळते, आणि राक्षस आपोआप पुन्हा माणसांत येऊन बसतो. तूप तर आपल्या डोळ्यांदेखत हद्दपार झाले आणि सन्मानाने परतलेही. सध्याचा राक्षस अमेरिकेहून आला आहे. त्याचे नाव ‘हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप’. मराठीत सांगायचे तर मक्यापासून केलेला आणि फळसाखरेचे प्रमाण वाढवलेला पाक.

हा शब्द यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात, फुलसावंगीसारख्या गावात कसा पोहोचला, याचे नवल वाटायचे कारण नाही. गावातला मुलगा शिकून पुण्याला जातो, तिथून न्यू जर्सीला. त्याची बायको तिथल्या दुकानात पावाचे पाकीट उलटे करून वाचते आणि एका रविवारी सकाळी घरच्या व्हॉट्सॲप समूहावर सल्ला येऊन पडतो: किराणा घेताना एवढे पाहाच, कॉर्न सिरप असलेले काही घरात आणू नका. माझ्या ओळखीच्या एका घरात या संदेशानंतर कॉर्नफ्लोअरचा डबा फेकला गेला आणि काकू काळजीने विचारू लागल्या, ‘आता कणीसही भाजून खायचे नाही का?’

कणीस खुशाल खावे. पण काकूंच्या प्रश्नावर हसून मोकळे होण्यासारखी ही गोष्ट नाही. तिकडून आलेला सल्ला तिकडच्या दुकानापुरता खरा आहे. तो इकडच्या दुकानात तसाच्या तसा लावला की नजर चुकीच्या जागी जाते आणि जे पाहायला हवे ते तसेच राहून जाते.

आधी तिकडची हकिकत पाहू. मका भिजवून, दळून त्यातले पिठूळ सत्त्व, म्हणजे स्टार्च, वेगळे काढतात. त्यावर विकरांची, म्हणजे एन्झाइमांची, क्रिया केली की त्याचे ग्लुकोज होते. इथपर्यंतची विद्या जुनी. 1957 मध्ये रिचर्ड मार्शल आणि अर्ल कूई या अमेरिकन संशोधकांनी ग्लुकोजचे फ्रुक्टोजमध्ये रूपांतर करता येते हे दाखवले, आणि 1960 च्या दशकात जपानी शास्त्रज्ञांनी ती क्रिया कारखान्याला परवडेल अशी केली. फ्रुक्टोज ग्लुकोजपेक्षा बरेच गोड. त्यामुळे मक्याचा पाक साखरेच्या तोडीचा गोड झाला, शिवाय तो पातळ असल्याने टँकरमधून थेट कारखान्याच्या टाकीत ओतता येऊ लागला.

तरीही नुसत्या रसायनशास्त्राने कोणाचा धंदा उभा राहत नाही. अमेरिकेत मका उदंड आणि त्याला सरकारचा आधार. साखर मात्र तिथे राजकारणाचा विषय (आपल्याकडे नाही असे कोण म्हणेल?). देशी साखर उत्पादकांना जपण्यासाठी 1982 मध्ये तिथल्या सरकारने आयातीवर कोटा बसवला. जगात साखर स्वस्त आणि अमेरिकेत महाग, अशी अवस्था झाली. व्यापाऱ्याने जे करायचे तेच केले. कोका-कोलाने 1980 मध्ये निम्म्या साखरेच्या जागी मक्याचा पाक चालवून घेतला आणि 1984 मध्ये पूर्ण साखरच काढून टाकली. पेयांमागून पाव, सॉस, सॅलडवरचे मसाले, न्याहारीचे पोहे असे करत पाक सगळीकडे पसरला. म्हणजे या पाकाचा जन्म प्रयोगशाळेत झाला असला तरी त्याला वाढवले ते आयात धोरणाने.

मग 2004 मध्ये ब्रे, निल्सन आणि पॉपकिन या तिघांनी एका वैद्यकीय नियतकालिकात अशी शंका मांडली की अमेरिकेतला लठ्ठपणा आणि हा पाक यांचा वाढता आलेख बरोबरीने चढतो आहे, तेव्हा यात काही नाते असावे. शंका रास्त होती, आणि पाकाची बदनामी तिथून सुरू झाली. पण पुढे हिशेब तपासला गेला. आपली नेहमीची साखर म्हणजे निम्मे ग्लुकोज आणि निम्मे फ्रुक्टोज, एकमेकांना बांधलेले. आतड्यात गेल्याबरोबर ही जोडी सुटते. पेयांत वापरतात त्या मक्याच्या पाकात फ्रुक्टोज 55 टक्के, पाव-सॉसमध्ये वापरतात त्यात 42 टक्के. एक साखरेच्या थोडा वर, एक थोडा खाली. यकृताला फ्रुक्टोज जास्त झाले की ते त्याची चरबी करून ठेवते. ते फ्रुक्टोज मक्यातून आले की उसातून, याची चौकशी यकृत करत नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही 2008 मध्ये साधारण असेच मत दिले: हा पाक लठ्ठपणाला इतर साखरांपेक्षा अधिक कारणीभूत आहे असे दिसत नाही.

त्याहून बोलका पुरावा तिथल्या बाजाराचा आहे. अमेरिकेत या पाकाचा दरडोई खप 1999 च्या सुमारास शिखराला पोहोचला आणि तेव्हापासून उतरत गेला. लठ्ठपणा मात्र उतरला नाही. 1999-2000 मध्ये तिथल्या प्रौढांपैकी सुमारे 30 टक्के लठ्ठ होते, 2017-18 मध्ये 42 टक्के. पाक गेला त्या जागी दुसरी साखर येऊन बसली. जुलै 2025 मध्ये कोका-कोलाने अमेरिकेत उसाच्या साखरेचे पेय विकायला आणण्याची घोषणा केली तेव्हा अनेकांनी विजयाचा आनंद साजरा केला. तो आनंद मला समजला नाही. खिडकीतून गेलेला पाहुणा दारातून आला, एवढेच.

आता फुलसावंगीकडे वळू. पैनगंगेच्या खोऱ्यातला हा मुलूख तसा कापूस, तूर, सोयाबीनचा, पण उसालाही तो परका नाही. शेजारच्या उमरखेड तालुक्यात पोफाळीला वसंत सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि महागाव तालुक्यातच गुंजला कारखाना आहे. साखर खाण्यात भारताचा जगात पहिला क्रमांक, आणि ती पिकवण्यात तो ब्राझीलच्या बरोबरीला बसतो. अशा देशात मक्याचा पाक करून वापरण्याची गरज कारखानदाराला पडत नाही. आपल्या थंड पेयाच्या बाटलीवर घटक वाचा, तिथे सरळ ‘साखर’ असे लिहिलेले असते. मक्याचा तो पाक मोठ्या शहरांतल्या मॉलमध्ये, परदेशी चॉकलेट, सरबते, सॉस यांवर भेटतो, आणि अधूनमधून एखाद्या देशी मालावरही. फुलसावंगीच्या किराणा दुकानात तो शोधत बसणे म्हणजे गावातल्या विहिरीत देवमासा शोधण्यासारखे आहे.

तेवढ्याने निर्धास्त होऊन पाकीट खाली ठेवले तर मात्र फसगत होईल. देवमासा नसला तरी विहीर कोरडी नाही. गोळ्या-चॉकलेटांवर ‘लिक्विड ग्लुकोज’ असते. तेही बहुधा मक्याचेच, त्याच वाटेवरचे, फक्त एक मुक्काम आधी थांबलेले. आपल्याकडे स्टार्च आणि ग्लुकोजचे कारखाने काही नवे नाहीत. धुळे जिल्ह्यात दोंडाईचाला असा कारखाना गेली काही दशके आहे. बिस्किटांवर ‘इन्व्हर्ट सिरप’ असते. ती साखरच, जोडी आधीच सोडवलेली. शिवाय डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, माल्टोडेक्स्ट्रिन, मध, गुळाची पूड, फळांच्या रसाचा अर्क. कायद्याप्रमाणे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, जो जास्त तो आधी. पण एकच गोडवा चार नावांत वाटून टाकला की प्रत्येकाचे वजन कमी भरते आणि चौघेही यादीत खाली सरकतात. एकाच सातबाऱ्यावरची जमीन चार भावांच्या नावावर करून प्रत्येक जण अल्पभूधारक व्हावा, तसे हे आहे.

इथे मधाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण साखर सोडली असे म्हणणारे निम्मे लोक मधाकडे जातात. मधात साखरेचा पाक मिसळण्याची कला जुनी आहे, आणि ती पकडण्याची एक चाचणीही. ऊस आणि मका ही दोन्ही एका विशिष्ट गटातली गवते. हवेतला कार्बन घेण्याची त्यांची रीत मधमाशा ज्या फुलांवर जातात त्यांतल्या बहुतेक झाडांपेक्षा वेगळी, त्यामुळे त्यांची साखर मधात मिसळली की प्रयोगशाळेत ओळखू येते. मग भेसळ करणारे भाताच्या पाकाकडे वळले, कारण भाताची रीत फुलझाडांसारखीच. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने डिसेंबर 2020 मध्ये 13 ब्रँडचे 22 नमुने तपासून जाहीर केले की जर्मनीतल्या अधिक सूक्ष्म चाचणीला 13 पैकी 10 ब्रँड उतरले नाहीत. कंपन्यांनी ते नाकारले. खरा मध असला तरी तो शरीराच्या खात्यात साखर म्हणूनच जमा होतो. गुळाचेही तेच. गूळ मला आवडतो आणि मी खातो, पण त्याला औषध म्हणण्याचा उत्साह आवरता घ्यावा.

तेव्हा पाकिटावर शोधायचा तो मक्याचा शब्द नव्हे, ग्रॅमचा आकडा. पाकिटाच्या पाठीवर पोषणाचा तक्ता असतो. त्यात 100 ग्रॅममागे किंवा 100 मिलिलिटरमागे एकूण साखर किती आणि वरून घातलेली साखर किती, असे दोन रकाने असतात. दुसरा महत्त्वाचा. त्याला 4 ने भागले की चमचे निघतात. साध्या ग्लुकोज बिस्किटांत 100 ग्रॅममागे 25 ग्रॅमच्या आसपास साखर असते. 50 ग्रॅमचा छोटा पुडा एका मुलाने संपवला तर तीन चमचे झाले. आंब्याच्या नावाच्या पेयात 100 मिलिलिटरमागे 12 ते 14 ग्रॅम, कोलात 10-11 ग्रॅम. बाटलीच्या आकाराने गुणावे. टोमॅटो सॉसमध्येही पाव हिस्सा साखर असू शकते, हे पुष्कळांना ऐकूनही खरे वाटत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे 2024 मध्ये जी आहारसूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत दिवसाला 20 ते 25 ग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. म्हणजे सहा चमचे. आता आपला चहा मोजा. विदर्भातला चहा, त्यात दोन चमचे, दिवसातून तीनदा. मर्यादा तिथेच संपली! पाकिटातली साखर या हिशेबावर चढते, म्हणून ती कळते कमी आणि नडते जास्त. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीने 2023 मध्ये देशातल्या मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या वर सांगितली, आणि उंबरठ्यावर उभे असलेले 13 कोटींच्या वर.

तक्त्यात आणखी एक रकाना असतो, टक्क्यांचा. ‘एका खाण्यात दिवसाच्या गरजेच्या इतके टक्के.’ आयुष्य बँकेत गेल्यामुळे टक्का दिसला की मी आधी विचारतो, कशाचा टक्का? ‘फ्लॅट’ दहा टक्क्यांचे कर्ज प्रत्यक्षात जवळजवळ दुप्पट महाग पडते, कारण फेडून झालेल्या मुद्दलावरही व्याज लागत राहते. पाकिटावरही तसाच प्रकार आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या लेबलविषयक नियमांत वरून घातलेल्या साखरेचा टक्का काढण्यासाठी दिवसाला 50 ग्रॅम हा पाया धरला आहे. पोषण संस्था सांगते त्याच्या दुप्पट. म्हणजे पाकिटावर 25 टक्के छापले असेल तर पोषण संस्थेच्या सल्ल्याप्रमाणे ते 50 टक्के समजावे. यात कोणी खोटे बोललेले नाही. दोन सरकारी संस्थांचे दोन पाये आहेत आणि ग्राहकाला त्यांतला सैल तेवढा पाकिटावर दिसतो.

लेबल वाचून काय होते, असे विचारणाऱ्यांसाठी एक अलीकडचे उदाहरण. एप्रिल 2023 मध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणाने बोर्नव्हिटाच्या डब्यावरचाच मजकूर वाचून दाखवणारी एक चित्रफीत प्रसृत केली. कंपनीची कायदेशीर नोटीस आल्यावर त्याने ती काढून टाकली, पण तोपर्यंत ती लाखो घरांत पोहोचली होती. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने कंपनीला जाब विचारला. वर्षाच्या अखेरीस त्या डब्यातली घातलेली साखर सुमारे 15 टक्क्यांनी कमी झाल्याची बातमी आली. एप्रिल 2024 मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानदारांना कळवले की अशी पेये ‘आरोग्यपेय’ या सदरात दाखवू नका. त्याच महिन्यात स्वित्झर्लंडच्या ‘पब्लिक आय’ या संस्थेने दाखवून दिले की नेस्लेचे बाळांचे सेरेलॅक स्वित्झर्लंडमध्ये साखरेशिवाय मिळते आणि भारतात मात्र एका खाण्यामागे सरासरी 2.7 ग्रॅम साखर घालून. कंपनीने आपण नियमांत बसतो असे सांगितले आणि काही महिन्यांतच साखर न घातलेले प्रकार आणले. नियमांत बसणे आणि बाळाच्या हिताचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून उघड झाले. डब्यावर छापलेला आकडा कोणीतरी मोठ्याने वाचला की कंपन्या हलतात, हेही.

पण वाचणार कोण, आणि कशातून? खरी मेख इथे आहे. बोर्नव्हिटाचा डबा हा पगारदार घरातला माल. फुलसावंगीच्या दुकानात मुले येतात ती एक, दोन, पाच रुपये घेऊन. दुकानाच्या दारात पुड्यांच्या माळा लोंबत असतात, फळीवर गोळ्यांच्या बरण्या. मुलगा म्हणतो, ‘काका, दोनवाली द्या,’ आणि वस्तूचे नाव घेण्याचीही गरज पडत नाही, किंमत हेच तिचे नाव.

या पुड्यांबाबत कायदा काय म्हणतो? ज्या पाकिटाचे पृष्ठफळ 100 चौरस सेंटिमीटरपर्यंत आहे त्याला घटकांची यादी आणि पोषणाचा तक्ता छापण्यापासून सूट आहे. सात सेंटिमीटर लांबी-रुंदीची पुडी, दोन्ही बाजू धरून, या सुटीत बसते. कागदात गुंडाळलेली गोळी तर बसतेच बसते. कारण व्यवहाराचे आहे, एवढ्याशा कागदावर छापणार कुठे? मला ते कारण पटते. पण त्याचा परिणाम पाहावा. ज्याच्या खिशात पाचशे रुपये आहेत त्याच्या डब्यावर सारी माहिती, आणि ज्याच्या मुठीत दोन रुपये आहेत त्याची पुडी कोरी. माल जितका लहान तितकी माहिती कमी, आणि लहान माल घेणारा बहुधा तोच असतो ज्याला दवाखान्याचे बिल परवडत नाही.

पाच रुपयांच्या पुड्यावर तक्ता असतो, पण इंग्रजीत. नियमाप्रमाणे हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो. त्यासोबत दुसरी एखादी भाषा वापरायला मनाई नाही, पण सक्तीही नाही. मी एका दुकानदाराला बिस्किटाचा पुडा उलटा करून दाखवला. तो सज्जन माणूस म्हणाला, ‘हे वाचाले भिंग लागते, काकाजी.’ भिंग मिळाले तरी पुढे इंग्रजी लागणार. आता महाराष्ट्राची गंमत अशी की 2022 च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी नोकर असलेल्या लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि सप्टेंबर 2023 मध्ये न्यायालयाने पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली. त्या पाट्यांवरून केवढे राजकारण झाले ते वाचकांना आठवत असेल. मला मराठी पाटी हवीच आहे. पण दुकानाचे नाव मराठीत वाचून आत गेलेल्या बाईला आतल्या पुड्यात काय भरले आहे ते मराठीत वाचता येऊ नये, याबद्दल कोणी काच फोडली नाही.

हे अशक्य आहे असे कोणी सांगू नये. रिझर्व्ह बँकेचा बँकांना दंडक आहे की सामान्य ग्राहकाच्या हातात जाणारा छापील कागद इंग्रजी, हिंदी आणि त्या प्रदेशाची भाषा अशा तिन्हीत असला पाहिजे. खाते उघडण्याचा अर्ज, पैसे भरण्याची चिठ्ठी, पासबुक, सगळे. ती चिठ्ठीही काही मोठी नसते. तिच्यावर तीन भाषा बसवताना छापखान्याची तारांबळ उडे आणि आम्ही कुरकुर करत असू, पण अंगठा सोडून सही करायला शिकलेली माणसे ‘रक्कम अक्षरी’ हे शब्द वाचून स्वतःची चिठ्ठी स्वतः भरत, हे मी पाहिले आहे. पन्नास रुपये खात्यात भरताना जी काळजी घेतली जाते, ती पोटात काही भरताना घेतली जाऊ नये?

माहिती नसल्याने काय होते याचे सगळ्यात बोचरे उदाहरण औषधाच्या दुकानातले आहे. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी द्यावे हे आता खेड्यापाड्यांतही ठाऊक आहे, ‘ओआरएस’ ही तीन अक्षरे आपल्या आरोग्यसेविकांनी घरोघर नेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे 13.5 ग्रॅम ग्लुकोज असते, त्याहून जास्त नाही, कारण जास्त साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. हीच अक्षरे नावात घेऊन कित्येक पट गोड पेये औषधाच्या दुकानांतून विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध काही वर्षे एकटीने लढा दिला, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने आदेश काढला की सूत्राप्रमाणे नसलेल्या कोणत्याही पेयाच्या नावात ‘ओआरएस’ वापरता येणार नाही. मे महिन्यात यवतमाळच्या उन्हात मूल मलूल पडलेले असताना त्या खोक्यावरचा इंग्रजी तक्ता वाचून कोणत्या आईने दुकानदाराशी वाद घातला असता?

सरकार अगदीच स्वस्थ आहे असे नाही. जून 2024 मध्ये प्राधिकरणाने पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसांच्या खोक्यांवरून ‘100 टक्के फळांचा रस’ हा दावा काढायला लावला. मे 2025 मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना साखरेचे प्रमाण सांगणारे फलक लावायला सांगितले. सप्टेंबर 2025 मध्ये वस्तू व सेवा कराची फेररचना झाली तेव्हा मात्र एका हाताने फुगेदार पेयांवर 40 टक्के कर ठेवला गेला आणि दुसऱ्या हाताने बिस्किटे, चॉकलेटे आणि फळांच्या रसाची फुगे नसलेली पेये 5 टक्क्यांवर आली. फुगा वाईट आणि साखर चांगली, असा काहीसा अर्थ त्यातून निघतो. मध्यमवर्गाला दिलासा मिळाला हे खरे, पण आरोग्याचा विचार त्या टेबलावर बसलेला दिसत नाही.

पाकिटाच्या दर्शनी बाजूवर ठळक इशारा छापावा, ही मागणी बरीच जुनी आहे. 2022 मध्ये प्राधिकरणाने ताऱ्यांचा मसुदा पुढे केला. पदार्थ जितका बरा तितके तारे जास्त. त्यावर 14 हजारांच्या वर सूचना-हरकती आल्या. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जनहित याचिकेवर तीन महिन्यांत शिफारशी करा असे सांगितले, त्यानंतर मुदत वाढवून घेतली गेली. तारे की इशारा, हा वाद वरवर चिन्हांचा वाटतो. तारा हे बक्षिसाचे चिन्ह आहे. अर्धा तारा मिळाला तरी तो ताराच, आणि थोडा सुकामेवा टाकून अर्ध्याचा दीड करता येतो. चिलीने 2016 पासून आणि मेक्सिकोने 2020 पासून काळा अष्टकोन छापायला लावला, ‘साखर जादा’ एवढेच त्यात लिहिलेले. त्याला भिंग लागत नाही, गणित लागत नाही. अक्षरओळख नसलेली आजीही काळी खूण पाहून पुडा परत ठेवू शकते. माझा कौल अष्टकोनाला आहे, आणि तो दोन रुपयांच्या पुडीवरही बसेल एवढा लहान करता येतो. सुटीचा नियम राहू द्या, खूण तेवढी सुटीतून वगळा.

तोपर्यंत एक मार्ग कायद्यातच आहे, तो फारसा कोणाला ठाऊक नाही. लहान पुडीला सूट असली तरी ती ज्या मोठ्या पिशवीतून किंवा खोक्यातून दुकानात येते, त्यावर ही सारी माहिती द्यावीच लागते. म्हणजे गोळी कोरी असली तरी तिचा खोका कोरा नसतो. ग्राहकाने दुकानदाराला म्हणावे, खोका दाखवा. बचत गटाच्या बायकांनी, शाळेतल्या गुरुजींनी दर महिन्याला असे चार खोके मागून घेतले आणि त्यावरचा साखरेचा आकडा खडूने फळ्यावर लिहिला तर कोणाची परवानगी लागत नाही. सीबीएसईच्या फलकाची वाट पाहण्याचेही कारण नाही.

फुलसावंगीच्या त्याच दुकानदाराला मी खोका मागितला. त्याला आश्चर्य वाटले, इतक्या वर्षांत कोणी मागितला नव्हता. रिकामे खोके तो मागच्या खोलीत रचून ठेवतो, भंगारवाला आला की जातात. त्यातला गोळ्यांचा एक शोधून त्याने धूळ झटकून पुढे केला. उन्हात नेऊन वाचला. पहिला घटक साखर, दुसरा लिक्विड ग्लुकोज, मग बाकीचे. हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप कुठेही नव्हते. दुकानदाराने विचारले, ‘चांगलं आहे का मंग?’ मी त्याला पहिली दोन नावे मराठीत वाचून दाखवली. त्याने बरणीकडे पाहिले, खोका परत घेतला आणि त्यात शेंगदाण्याच्या पुड्या भरायला सुरुवात केली.